पहिला घास

रोजच्यासारखे मृदुलाने उंदरांच्या वाट्यातले चार गहू आधी स्वतः खाल्ले आणि भाषायंत्रात म्हणाली, "या." करारच तसा होता. तिने खाल्ल्याशिवाय उंदीर खात नसत, आणि या वाट्याच्या बदल्यात गोदामातल्या पोत्यांना तोंड लावत नसत.

उंदरांनी वाटा संपवल्यावर गोदामप्रमुख ढवळे हसत आले.

"मॅडम, गव्हाला विष चोळलं होतं. सावकाश चढतं, चार दिवसांत सगळे साफ! तुमच्यासाठी उताऱ्याचं इंजेक्शन आणलंय."

"मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तोंडात घातलं असतंत का?"

यंत्रातून म्हाताऱ्या उंदरिणीचा आवाज आला, "ताई, उद्या पिल्लांनाही आणू?"

मृदुलाने इंजेक्शनसाठी वर केलेली बाही खाली घेतली.

"आणू नका," ती म्हणाली. "मी खाल्लं, तरी खाऊ नका."