कंसातला हशा

“काम जिवावर बेतणारं असेल, तर ते थांबवणाऱ्यालाही तुरुंगात टाकणार का?”

प्रश्न विचारून झाला आणि मगच तिला कळलं की आपण उठून उभे राहिलो आहोत. कामकाज संपल्यावर विचारायला शाळेने लिहून दिलेला प्रश्न, नव्या राज्यघटनेला पानं किती असतील हा, तिच्या मुठीत चुरगळला होता. मैत्रिणींनी सभागृहाच्या प्रेक्षक गॅलरीत बसल्या बसल्या पैज लावली होती. खरा प्रश्न विचारलास तर तू तोफ, नाहीतर फुसका बार. वर्गात तिला सगळे तोफच म्हणत. नावाला जागायला नको?

खाली घटना समितीचे दोनशे सभासद माना वर करून बघत होते. कुणी खोकलंसुद्धा नाही. अध्यक्षांनी तोंड उघडलं, मिटलं आणि संपाला गुन्हा ठरवणारं कलम सरळ मताला टाकलं. ते मंजूर झालं. समोरच स्टेनोंच्या टेबलाशी तिची आई बसली होती. आईने मान वर केली नाही. पेन्सिल तेवढी चालत होती.

आठवड्याने छापील अहवाल आला. तिचा प्रश्न त्यात शब्दन् शब्द होता, ‘गॅलरीतील एक विद्यार्थिनी’ म्हणून. तिने तो वर्गभर मिरवला. प्रश्नापुढे कंसात एकच शब्द होता: हशा. पण कुणी हसलंच नव्हतं, ती आईला म्हणाली. वरून दिसलं नसेल तुला, असं म्हणत आईने तिची वेणी जरा जास्तच घट्ट घातली.

तिचे बाबा काचेच्या कारखान्यात भट्टीचे गवंडी. तीन महिन्यांनी भट्टीच्या छताच्या विटा सुटल्या. भट्टी गार करायची तर आठ दिवस कारखाना बंद. साहेबांनी फर्मावलं, ओली पोती पांघरा आणि आत शिरा. बाबांसह बारा जणांनी थाप्या खाली ठेवल्या. नव्या कलमाप्रमाणे तो संप झाला. शिक्षा पाच वर्षं.

बाबा जामिनावर होते. त्या दिवशी कोर्टातून आल्यावर ते जेवायला बसले आणि हसून म्हणाले, की तोफेची कीर्ती कोर्टापर्यंत पोचली. त्यांच्या वकिलांचं म्हणणं असं, की जीव वाचवायला हात थांबवणं म्हणजे संप नव्हे, घटना लिहिणाऱ्यांच्या मनातही तसं नसणार. त्यावर सरकारी वकिलांनी अहवालाचं पान उघडलं. नेमका हाच प्रश्न सभागृहापुढे आला होता आणि सभागृहाने तो हसण्यावारी नेला, ते म्हणाले. दोघा सभासदांना विचारलं, तर त्यांना काही आठवत नव्हतं. तेव्हा कोर्टासाठी अहवालात आहे तेच खरं. उद्या शेवटची सुनावणी.

आईचा घास हातातच राहिला.

“हशा मी घातला,” आई म्हणाली.

गॅलरीतून कुणी मध्येच बोललं, तर स्टेनोने ‘व्यत्यय’ लिहायचा. व्यत्ययाखाली नाव लागतं आणि ते नाव पोलिसांकडे जातं. हशा लिहिला की गोष्ट तिथेच मिटते. कोण हसलं ते लिहायची पद्धत नाही.

उद्या कोर्टात खरं सांगते, आई म्हणाली. खोटा अहवाल लिहिणाऱ्याला दहा वर्षं आहेत, बाबा म्हणाले, मी पाच भोगीन. उरलेल्या अकरा जणांच्या पाचाचं काय, आईने विचारलं. आवाज न चढवता दोघं वाद घालत राहिली, जणू सकाळी दूध कुणी आणायचं एवढाच प्रश्न होता.

ती उठली. दप्तरातून अहवाल काढला. मिरवून मिरवून त्या पानाचे कोपरे दुमडले होते. आज पहिल्यांदा तिने आपला प्रश्न सोडून कंस वाचला. एकच शब्द. पुढेमागे कुणाचंच नाव नाही.

“तुम्ही दोघंही कुठे जाणार नाही,” ती म्हणाली. “उद्या कोर्टात मी माझं नाव सांगणार आहे. अहवाल खराच आहे, पण सभागृह हसलं नव्हतं. हसले ती मी.”