कप्तानाचा वॉकीटॉकी

जवळ सरका मंडळी, जपानातल्या चिबाच्या रानात खेळण्यातल्या बंदुकांनी, प्लास्टिकच्या छऱ्यांनी खेळायच्या लुटुपुटीच्या लढाईची गोष्ट सांगतो. तिथे छर्रा लागला की ज्याचा त्यानेच "लागला!" ओरडून बाहेर पडायचं, इमान हाच पंच. लागूनही लपवल्याचा खोटा आळ कप्तान कुरामोचीने आपल्याच संघातल्या नेझूवर घेतला, वर सर्वांदेखत म्हणाला, "नेझूराव, खेळणं तुमचं काम नाही. नवे वॉकीटॉकी आणलेत, तेवढे जुळवून द्या!"

नेझूने हसतमुखाने सगळे जुळवले.

दुपारी कुरामोची झुडपात दडला होता. अचानक सगळ्या संघाच्या कानात त्याचं पुटपुटणं आलं, "लागला खरा, पण पाहिलंय कोणी?"



बटण न दाबताही आवाज जाईल, अशी सोय नेझूने फक्त त्याच्याच वॉकीटॉकीत केली होती. खोटं पचेलसं वाटलं, की नेझूला आठवा, बाबांनो.