आठवा चंद्र

“सही करणार नाही मी. पावणेबारापर्यंत थांबा,” उल्का म्हणाली आणि तिने तोंड भिंतीकडे वळवलं.

डॉ. मधुरिमांनी पुढे केलेलं पेन तसंच राहिलं. खाटेशेजारच्या यंत्रातून बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकू येत होते. मघापर्यंत ते धावत होते. आता मधेच मंदावत, थबकत आणि पुन्हा कसेबसे सुरू होत. दर वेळी नर्स यंत्राकडे बघे आणि मग डॉक्टरांकडे.

बाहेर बाकावर बसलेल्या श्यामकांतांना नर्सनेच आत बोलावलं. “अंकलजी, आप समझाइए. मॅडम किसी की सुन नहीं रहीं.”

उल्का त्यांची सून. मुलगा कुणाल सैन्यात, लेहच्या पुढे कुठल्याशा चौकीवर. सकाळपासून त्याचा फोन लागत नव्हता. सिझेरियन आज ठरलेलंच होतं. श्यामकांतांच्या विनंतीवरून डॉक्टरांनी बाराची वेळ दिली होती. पण तासाभरापासून बाळाचे ठोके बिघडले होते.

“काका, मी नागपूरची. आमच्याकडेही पत्रिका बघतात,” मधुरिमा त्यांना दाराशी घेऊन हळू आवाजात म्हणाल्या. “पण अर्धा-पाऊण तास हे बाळ थांबेल असं मला वाटत नाही. ती फक्त तुमचं ऐकेल.”

श्यामकांतांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. ही पावणेबाराची वेळ त्यांनीच काढली होती.

तीन वर्षांपूर्वी उल्काचा पहिला मुलगा पाचव्या दिवशी गेला. ती कुणाशी बोलेना, जेवेना. एक दिवस तिने सासऱ्यांपुढे हट्ट धरला, त्याची पत्रिका मांडा. श्यामकांतांनी मांडली आणि दिसलं ते सांगितलं. चंद्र आठवा, म्हणजे पत्रिकेच्या आठव्या घरात. तान्ह्या बाळाला तो वाईट मानतात. त्यांच्या पत्नी सरलाताई त्यांच्यावर खूप चिडल्या होत्या. “थोडं खोटं बोलला असतात तर काय बिघडलं असतं?” पण तो त्यांचा स्वभावच नव्हता. चंडीगडमधली सगळी मराठी घरं त्यांच्याकडे पत्रिका आणत. एका कर्नलसाहेबांनी मुलीचा मंगळ तेवढा हलवा म्हणून किती विनवलं. यांनी पत्रिका आहे तशी परत दिली. स्थळ मोडलं.

त्या दिवसापासून उल्का त्यांच्याजवळ बसून शिकू लागली. सूर्य एका राशीत महिनाभर असतो, ते समजावत. चंद्र सव्वादोन दिवस. पण पूर्वेला उगवणारी रास, म्हणजे लग्न, ती साधारण दोन तासांत बदलते. आणि घरं मोजायची ती लग्नापासून. म्हणून एकाच दिवशी, एकाच गावात जन्मलेल्या दोन मुलांच्या पत्रिका वेगळ्या.

आज सूर्य सिंहेत होता आणि चंद्र वृषभेत. ते दिवसभर बदलणार नव्हते. पावणेबारापर्यंत मात्र लग्न तूळ होतं. तुळेपासून मोजलं की वृषभ आठवी येते. पुन्हा तेच. पावणेबारानंतर वृश्चिक उगवणार होती आणि तोच चंद्र सातवा होणार होता.

यंत्रातला ठोका थबकला. या वेळी जरा जास्तच.

श्यामकांत खाटेजवळ गेले. उल्काचे ओठ कोरडे पडले होते.

“बाबा, किती वेळ राहिला?”

त्यांनी खिशातला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, उगाचच.

“वेळ होऊन गेली, उल्का. चूक झाली माझी. मी पुण्याच्या पंचांगावरून लग्न काढलं, चंडीगडचा फरक धरलाच नाही. इथे वृश्चिक केव्हाच लागली. कर सही.”

ती त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांनी नजर हलू दिली नाही. आठव्या चंद्राची भीती तिच्याइतकी त्यांनाही होती.

उल्काने हात पुढे केला. “द्या पेन.”

खाट दारातून धडधडत बाहेर गेली. श्यामकांत बाकावर बसले. डोळे मिटून घेतले तरी तूळ रास डोळ्यांपुढून हलेना. हात जोडावेत तर कुणापुढे, हेही सुचेना. कितीतरी वेळाने दार उघडलं. मधुरिमा घामाघूम होत्या.

“मुलगी आहे, काका. नाळेचे दोन वेढे होते गळ्याला. रडायला जरा वेळ लावला तिने. आता ठणठणीत आहे. अजून थोडं थांबलो असतो ना...”

संध्याकाळी श्यामकांत भेटायला गेले. बाळ उल्काच्या कुशीत झोपलं होतं. ते बाळाच्या पायांकडे बघत उभे राहिले.

“बाबा, लग्न कुठलं आलं?”

“वृश्चिक.” त्यांनी मान वर केली नाही.

“तूळ,” उल्का शांतपणे म्हणाली. “परवा मीही गणित करून बघितलं होतं, चंडीगडचंच. आणि जन्मभर विद्यापीठात गणित शिकवलेला माणूस पुण्याचं लग्न इथे लावेल होय?”

श्यामकांतांनी मान वर केली. “माहीत होतं तुला? मग सही का केलीस?”

उल्काने बाळाचं टोपडं सारखं केलं.

“तुम्ही खोटं बोललात, बाबा. तेव्हाच कळलं मला, माझ्या बाळाचं काही खरं नाही.”