तीन डबे

नदी चढणार असा इशारा आला, तसं नवऱ्याने पुढच्या पेरणीचं बियाणं तीन डब्यांत भरलं. एक आमच्या माळ्यावर ठेवला, एक माझ्या मावशीकडे पाठवला, एक नणंदेकडे.

"बियाणं आहे की सोनं?" मी हसले.

"हस तू. एक घर पाण्यात गेलं तरी दोन डबे राहतील. सगळं एकाच जागी ठेवलं, तर हात चोळत बसावं लागेल."

दुपारी मी आमच्या जुळ्या मुलींना पाठवलं. एकीला मावशीकडे, एकीला नणंदेकडे.

संध्याकाळी नणंदेचा फोन आला. "वहिनी, हिने रडून घर डोक्यावर घेतलंय. एकमेकींशिवाय झोपत नाहीत गं त्या! माझ्याकडे एवढी जागा असताना दोघींना एकत्र का नाही पाठवलंस?"



मी फोन कानाला धरून माळ्यावरच्या डब्याकडे बघत राहिले.