सुपातल्या बिया

अस्वलाच्या पोटातून आलेली टेंभराची, म्हणजे तेंदूच्या फळाची, बी लवकर उगवते, हे सत्यशीलाबाईंना त्यांच्या आईनं शिकवलं होतं. म्हणून उन्हाळ्यात त्या जंगलातून अस्वलाची विष्ठा टोपलीत भरून आणायच्या, नाल्यावर धुवायच्या आणि राहिलेल्या बिया राख चोळून सुपात, सावलीत सुकवायच्या. पाऊस लागला की गावामागच्या उजाड टेकडीवर त्याच बिया टोचायच्या.

आजही अंगणात चिकूच्या झाडाखाली, नातीच्या बाजेवर बसून त्या सुपातलं निवडत होत्या. टेंभराच्या तपकिरी बियांत मधूनच काळ्या, चकचकीत, चपट्या बिया हाताला लागल्या. एक, दोन, पाच. बाईंनी एक बी उजेडात धरली, आणि मग हळूच मान वर करून झाडाकडे पाहिलं.

आख्ख्या गावात चिकूचं झाड हे एकच. मुलानं ऊर्जानगरहून कलम आणून लावलेलं. रात्री पडलेले चिकू सकाळी दिसत नसत, ते वटवाघळं नेतात असंच त्या आजवर धरून चालल्या होत्या.

सूप तसंच टाकून त्यांनी बाज ओढत घरात नेली.

"संबोधी, आजपासून आत झोपाचं."

सात वर्षांच्या नातीनं गाल फुगवले.

"काऊन? तू रोज रात्री माह्या बाजेपाशी बसून एकटीच मचमच चिकू खातेस. मले कधी एक तरी देलं का, आजी?"