पाठमोरी

"वर काही नाही मावशी, नुसती जुनी भांडीकुंडी," असं म्हणत डॉक्टरांनी तिचा दंड धरला आणि ते तिला जिन्यापासून वळवायला लागले.

"मग भांडीकुंडी बघू," म्हणत मावशी पहिली पायरी चढलीसुद्धा.

डॉक्टरांचा दातांचा दवाखाना जोरात चालायचा. भलेभले त्यांच्यापुढे निमूट तोंड उघडायचे. पण मावशीपुढे त्यांचं काही चालत नसे. मुलींच्या शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका ती, सत्तरीला टेकली तरी आवाजातली छडी तशीच होती.

ते घर एका चित्रकाराचं. तो गेल्यावर वरच्या खोल्या होत्या तशा जपून ठेवल्या आणि खाली गाण्याचे, मातीकामाचे, चित्रकलेचे वर्ग सुरू झाले. एकाच गावात राहून डॉक्टरांनी तिथे कधी पाऊल टाकलं नव्हतं. पण त्यांच्या लेकीनं न विचारता चित्रकलेच्या वर्गात नाव घातलं, आणि मावशीनं हट्टच धरला की पोरगी काय काढते ते बघायचंय.

वरच्या खोलीत चित्रकलेच्या बाई पाहुण्यांना माहिती देत होत्या. "यांनी जन्मभर झाडं आणि डोंगर काढले. माणसाचं चित्र एकच. हे."

चित्रात खिडकीशी एक तरुण बाई पाठमोरी बसली होती. केस वर बांधलेले, पाठ कमरेपर्यंत उघडी. चेहरा दिसत नव्हता.

"कोण ही?" एका पाहुण्यानं विचारलं.

"नक्की माहीत नाही. गावात म्हणतात, त्यांच्याकडे स्वयंपाकाला एक विधवा बाई होती, ती."

"स्वयंपाकाला! बरं, बरं." पाहुणा गालातल्या गालात हसला.

डॉक्टरांची कानशिलं तापली. स्वयंपाकाला होती ती त्यांची आई.

चित्राचा बोभाटा झाला तेव्हा ते चौथीत होते. वर्गातली पोरं फळ्यावर पाठमोरी बाई काढून ठेवायची. एक दिवस घरी येऊन त्यांनी दप्तर आपटलं. "ती तू नाहीस, असं सांग सगळ्यांना!"

आई ताट वाढत होती. शेजारी मावशी पुस्तकात डोकं खुपसून बसली होती. ती तेव्हा त्यांच्याकडेच राहून शिकायची, शाळेतली नोकरी नुकतीच ठरत होती. "तोंडं दुखली की गप्प बसतील लोक. तू जेव," आई एवढंच बोलली.

ती नाही म्हणाली नाही. डॉक्टरांच्या मनात ते कायमचं रुतून बसलं. स्वतःच्या लग्नात लांबून आलेल्या सासरच्या माणसांना त्यांनी 'आईला बरं नाही' असं सांगितलं आणि तिच्या जागी मावशीला उभं केलं. नवं घर बांधलं, पण आईला तिथे राहायला ये म्हटलं नाही. गेल्या वर्षी ती जुन्या दोन खोल्यांत एकटीच गेली.

पाहुणे पुढच्या खोलीत गेले. मावशी मात्र चित्रासमोर मान खाली घालून उभी होती.

"त्या माणसाला काही बोलला नाहीस," ती हळूच म्हणाली.

"काय बोलू? माझी आई आहे म्हणू?"

"ताईनं तुला कधीच काही सांगितलं नाही?"

"काय सांगणार होती? तोंड होतं का सांगायला?" बोलून गेल्यावर त्यांची त्यांनाच लाज वाटली. त्यांनी आवाज उतरवला. "तू होतीस म्हणून मान वर करून जगलो, मावशी. मुख्याध्यापिकेचा भाचा, एवढं तरी लोकांना सांगता आलं."

मावशीनं चित्रापुढचा कठडा घट्ट धरला. तिचा चेहरा उतरला होता. दगदग झाली असेल, असं डॉक्टरांना वाटलं. तिच्यासारखीला आपण इथे हे ऐकायला आणलं, याचीही त्यांना लाज वाटली. त्यांनी तिला सांभाळून खाली आणलं.

खाली वर्ग भरत होता. बाबांना बघून लेक आधी हसली, मग चोरी पकडल्यासारखी कागदात घुसली.

बाई मागोमाग आल्या. "आज घोटाळाच झालाय. चित्रासाठी बसणाऱ्या बाई आल्या नाहीत. आजी, तुम्ही बसाल का थोडा वेळ?"

"छे, छे! त्यांना नाही जमायचं," डॉक्टर पुढे झाले. या घरात, आपल्या लेकीसमोर, आपल्याच घरातलं माणूस असं बसणार, ही कल्पनाच त्यांना सोसवेना. "मावशी, चल. उशीर होतोय."

"कसला उशीर? दवाखाना बंद आहे आज." मावशीनं आपली पर्स त्यांच्या हातात कोंबली आणि ती मधल्या स्टुलावर जाऊन बसली.

पेन्सिली चालू लागल्या. डॉक्टर पर्स छातीशी धरून दाराशी अवघडून उभे राहिले. कुणीतरी खोकलं, कुणाचं खोडरबर पडलं. मावशी हलली नाही. खांदे सैल, हनुवटी जरा वर, श्वाससुद्धा दिसत नव्हता.

"कमाल आहे!" बाई म्हणाल्या. "आमच्या नेहमीच्या बाई पाच मिनिटांत मान अवघडली म्हणून कुरकुरतात. आजी, तुम्हाला सवय दिसते."

"होती," मावशी म्हणाली. ती बाईंकडे नाही, डॉक्टरांकडे बघत होती. "वरच्या खोलीत, खिडकीशी. कुणी येत नाही ना, ते बघायला ताई जिन्यात उभी राहायची."