नाकावरची सूट

“नाक कामासाठी बसवलंय ना, मग घरच्या फोडणीचा वास का घेतलात?” आयकर केंद्रातल्या यंत्राने विचारलं.

“फोडणी घातल्यावर वास येणारच की हो! नाक काय खुंटीला टांगून स्वयंपाक करू?” हेमांगी जाम वैतागली. गॅसगळती हुंगून शोधणं ही तिची नोकरी. त्यासाठीच तिने हप्त्यांवर हे यांत्रिक नाक बसवून घेतलं होतं. करात सूट मिळाली नाही, तर पुढचा हप्ता चुकणार आणि नाकासोबत नोकरीही जाणार होती.

“घरी नाक बंद ठेवा. सूट लगेच मिळेल,” यंत्र गोड आवाजात म्हणालं.

“आई, लाव गं नाकाला कुलूप,” शेजारी उभी असलेली तिची मुलगी ऋजुता म्हणाली. “घरातले सगळे वास मी सांगत जाईन तुला.”

हेमांगीने दात-ओठ खात ‘घरी नाक बंद’चं बटण दाबलं.

संध्याकाळी तिने वाटणासाठी खोबरं भाजायला टाकलं आणि पाठ वळवून कांदा चिरायला घेतला. “ऋजे, आला का गं खमंग वास?”

“मगाशीच आला होता,” मोबाईलमधून मान वर न काढता ऋजुता म्हणाली. “आता करपल्याचा येतोय.”